भारतीय लोहमार्गाचा इतिहास : काही नवे ग्रंथ व चित्रपट

वाहतुकीच्या इतिहासाविषयी आस्था बाळगणाऱ्या वाचकांचे साधारणपणे दोन वर्ग दिसून येतात. पहिल्या वर्गाला यंत्राची ओढ असते. एखादे इंजिन कोणत्या साली रुळांवर आले, त्याच्या चाकांची रचना कशी होती, अमुक मार्गावरील चढण किती फुटांस एक फूट होती, दोन रुळांमधील अंतर किती होते, ह्या प्रश्नांची बिनचूक उत्तरे मिळविण्यासाठी तो वर्षानुवर्षे खपत असतो. दुसरा वर्ग विद्यापीठांतील इतिहासकारांचा. लोहमार्गाच्या निमित्ताने त्याला राज्यसत्ता, भांडवल, श्रम, जातिभेद, दुष्काळ ह्यांसारख्या विषयांचा शोध घ्यावयाचा असतो. पहिला वर्ग दुसऱ्याला रुक्ष समजतो. दुसरा पहिल्याला बालिश समजतो. परिणाम असा झाला आहे की, दोघांची ग्रंथसंपदा एकाच कपाटात शेजारीशेजारी राहूनही परस्परांना अपरिचित राहिली आहे.

भारतीय लोहमार्गाविषयी १९९५ पासून प्रसिद्ध झालेले काही ग्रंथ आणि २००७ पासून पुढे आलेले काही चित्रपट ह्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखे आहेत. त्यांच्या मूल्यमापनासाठी प्रस्तुत लेखात एकच कसोटी वापरली आहे. यंत्राविषयीची अचूक माहिती तेथे राबलेल्या माणसांविषयी काही सांगते काय, आणि माणसांविषयी केलेले विधान यंत्राच्या माहितीवर भक्कम उभे आहे काय? ही कसोटी केवळ तात्त्विक राहू नये म्हणून तिला एक ठिकाण हवे. महाराष्ट्रातील वाचकाला असे ठिकाण दूर शोधावयास नको. ते ठिकाण म्हणजे बोरघाट होय.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेलेल्या पहिल्या गाडीचे वर्णन प्रत्येक ग्रंथात आढळते. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, साहिब, सिंध व सुलतान ही तीन इंजिने, एकवीस तोफांची सलामी आणि चौतीस किलोमीटरांचा प्रवास, हा सर्व तपशील आता शाळकरी मुलांनाही पाठ झाला आहे. परंतु तो मार्ग किनारपट्टीच्या बऱ्याचशा सपाट भूमीवरून जाणारा होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची खरी परीक्षा पुढे सह्याद्रीच्या भिंतीशी झाली. दख्खनचा कापूस मुंबईच्या बंदरात आणावयाचा, तर हा पर्वत ओलांडणे भाग होते. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली ह्यांनी बोरघाटासाठी जो मार्ग आखला, त्याची लांबी सुमारे सोळा मैल होती आणि तेवढ्या अंतरात गाडीला १,८३१ फूट वर चढावयाचे होते. वाटेत पंचवीस बोगदे आणि आठ मोठे दगडी सेतू होते. सर्वांत कठीण चढण ३७ फुटांस १ फूट अशी होती. खंडाळ्याजवळ डोंगराने पुढची वाटच अडविल्यामुळे तेथे रिव्हर्सिंग स्टेशन बांधण्यात आले. गाडी त्यात एका दिशेने शिरे, आणि इंजिन दुसऱ्या टोकास लावून उलट दिशेने बाहेर पडे.

हे आकडे हौशी अभ्यासकाला प्रिय आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु ह्याच आकड्यांतून दुसरा इतिहास निघतो. काळ्या पाषाणातून पंचवीस बोगदे कोरावयाचे, म्हणजे पहार व हातोडा ह्यांनी भोके पाडून त्यांत सुरुंगाची दारू ठासावयाची. फुटलेला दगड पाट्यांत भरून डोक्यावरून वाहावयाचा. आणि ही सर्व कामे मुख्यतः पावसाळ्याबाहेरच्या महिन्यांत उरकावयाची. म्हणूनच माणसांची संख्या प्रचंड लागली. १८६१ च्या आरंभी ह्या एका घाटात सुमारे ४२,००० मजूर कामावर होते. पाणी व निवारा ह्यांची वानवा असलेल्या डोंगरात एवढा समुदाय एकत्र आल्यावर पटकी आणि हिवताप ह्यांनी तेथे ठाण मांडले, ह्यात नवल नाही. पहिले कंत्राटदार फॅव्हिएल ह्यांच्या कारकिर्दीत, १८५९ च्या जानेवारीत, मजुरीच्या प्रश्नावरून मजुरांचा उद्रेक झाला व त्यात एका युरोपियनाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी फॅव्हिएल ह्यांनी कंत्राट सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल हे भारतात आल्यापासून काही आठवड्यांतच मरण पावले. तेव्हा त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल ह्यांनी कंत्राट आपल्याकडे ठेवून अडॅम्सन व क्लाउझर ह्या अभियंत्यांकरवी काम पुरे करविले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या उपस्थितीत घाटाचा मार्ग खुला झाला. बर्कली तो दिवस पाहू शकले नाहीत. आदल्याच वर्षी त्यांचा इंग्लंडमध्ये मृत्यू झाला होता.

ह्या हकिगतीत बर्कली, फॅव्हिएल, ट्रेडवेल पतिपत्नी आणि फ्रिअर ह्यांची नावे आहेत. इंजिनांचीही नावे आहेत. बेचाळीस हजारांपैकी मात्र एकाचेही नाव लोहमार्गाच्या परिचित इतिहासात आलेले नाही. नव्या ग्रंथांचा विचार करताना हा विरोध दृष्टीआड करता येत नाही.

ह्या उणिवेला सर्वांत गंभीरपणे सामोरा जाणारा ग्रंथ म्हणजे कॅनडातील इतिहासकार इयन कर ह्यांचा 'बिल्डिंग द रेल्वेज ऑफ द राज' (१९९५) हा होय. आता तो अगदी नवा म्हणता येणार नाही. परंतु पुढील सर्व लेखनाचा तो पाया असल्यामुळे त्याला वगळून चालत नाही. लोहमार्ग कोणी चालविला, त्यातून नफा कोणाला झाला, हे प्रश्न पूर्वीही विचारले गेले होते. तो प्रत्यक्ष कोणी व कसा बांधला, हा प्रश्न कर ह्यांनी मध्यभागी आणला. अभियंते, कंत्राटदार, मुकादम आणि मजूर अशी कामाची उतरंड त्यांनी उलगडून दाखविली. गावोगाव फिरून मातीकाम करणारे वडारांसारखे समाज आणि शेतीच्या रिकाम्या दिवसांत कामावर येणारी कुणबी कुटुंबे ह्यांच्यातील भेद त्यांनी स्पष्ट केला. पुरुषांबरोबर स्त्रिया आणि मुलेही ह्या कामावर होती, ही गोष्ट त्यांच्या विवेचनात तळटीपेपुरती राहत नाही. मजुरी थकली म्हणजे मजूर काम सोडून जात, प्रसंगी दंगा करीत, आणि त्यामुळे कंत्राटदारांचे हिशेब कोसळत, हेही ते दाखवून देतात. मजूर हा केवळ सोसणारा नसून कामाच्या गतीवर त्याचाही ताबा होता, हे त्यांचे प्रतिपादन महत्त्वाचे आहे.

कर ह्यांच्या ग्रंथाचे मोठे बळ असे की, त्यांना बांधकामाचे तंत्र कळते. विटा भाजणे, पाया खोदणे, कमानी बांधणे ह्या क्रियांचे वर्णन ते सामाजिक इतिहासाचाच भाग म्हणून करतात. १८६७ साली बोरघाटातील एक मोठा दगडी सेतू कोसळला आणि दोष निकृष्ट दगडी बांधकामाचा असल्याचे निष्पन्न झाले. अशा घटनेचा अर्थ लावावयाचा, तर चुना, दगड आणि गवंडीकाम ह्यांची माहिती हवी. तशीच कामाची घाई, देखरेखीतील ढिलाई आणि कंत्राटाच्या अटी ह्यांचीही हवी. दोन्ही माहिती एका लेखणीत आली, तरच सेतू का पडला ते कळते. ग्रंथाची मर्यादा त्याच्या साधनांची आहे. कंपन्यांचा पत्रव्यवहार, अभियंत्यांची टिपणे आणि सरकारी अहवाल ही त्याची मुख्य सामग्री इंग्रजीतील असून ती काम करवून घेणाऱ्यांची आहे. मजूर तेथे अडचण म्हणून किंवा आकडा म्हणून येतो. कर ह्यांनी ह्या साधनांतून शक्य तेवढा मजूर बाहेर काढला आहे. परंतु त्याचा आवाज काढणे त्या साधनांना शक्य नव्हते. जॉन हर्ड ह्यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेले संशोधन-साहाय्यक पुस्तक (२०१२) पुढील अभ्यासकांची मोठीच सोय करणारे आहे.

विद्यापीठाबाहेरील वाचकांसाठी लिहिलेल्या ग्रंथांत राजेंद्र आकलेकर ह्यांचा 'हॉल्ट स्टेशन इंडिया' (२०१४) विशेष लक्षणीय वाटतो. मुंबईचे पत्रकार असलेल्या आकलेकरांनी पहिल्या लोहमार्गांची पाहणी प्रत्यक्ष पायी फिरून केली आणि जुने रूळ, खांब, भिंती, पूल ह्यांचे अवशेष आजच्या उपनगरी गर्दीतून शोधून काढले. हौशी अभ्यासकाचा उत्तम गुण, म्हणजे वस्तूवरचे प्रेम, ह्या पुस्तकात पानोपानी दिसतो. रोज लाखो माणसे ज्या फलाटावरून धावतात, त्याच्या कडेला एकोणिसाव्या शतकातील लोखंड उभे आहे, ही जाणीव करून देणे ही लहान सेवा नव्हे. अशा वस्तूंची नोंद होण्यापूर्वीच त्या भंगारात जातात, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या कामाची निकड पटते. मात्र सापडलेल्या वस्तूपाशी पुस्तक पुष्कळदा थांबते. ती ओतली कोणी, वाहिली कोणी, बसविली कोणी, हा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहतो आणि तसाच राहतो.

ब्रिटिश लेखक ख्रिश्चन वोल्मार ह्यांचा 'रेल्वेज अँड द राज' (२०१७) हा ग्रंथ वेगळ्या जातीचा आहे. वाहतुकीवरील लोकप्रिय लेखनाचा दीर्घ अनुभव वोल्मार ह्यांच्या गाठीशी आहे आणि त्यांची भाषा प्रवाही आहे. लोहमार्ग ही ब्रिटिशांनी भारताला दिलेली देणगी होय, ह्या जुन्या समजुतीला ते बळी पडत नाहीत. लष्कराची हालचाल आणि ब्रिटिश व्यापाराची सोय हे हेतू अग्रभागी होते, हे ते स्पष्ट सांगतात. कंपन्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली होती आणि तूट भारतीय महसुलातून भरून निघत होती, ह्या व्यवस्थेचे परिणामही त्यांनी मांडले आहेत. एवढा विस्तृत पट एका खंडात बसविताना खोली कमी होणे अपरिहार्य होते. विवेक देबरॉय, संजय चढ्ढा व विद्या कृष्णमूर्ती ह्यांच्या 'इंडियन रेल्वेज' (२०१७) ह्या पुस्तकाविषयीही थोड्याफार फरकाने असेच म्हणता येईल. १८५३ पूर्वीही भारतात रूळ होते, मद्रासजवळ रेड हिल्स येथे १८३७ साली आणि रुडकीजवळ सोलानी जलसेतूच्या कामावर १८५१ साली त्यांचा वापर झाला होता, अशा प्रकारच्या माहितीचा वाचकाला आनंद होतो. तथापि किस्से आणि दस्तऐवज ह्यांच्या दाटीत ग्रंथाचा युक्तिवाद पुसट होतो.

लोहमार्ग बांधणाऱ्यांकडून तो वापरणाऱ्यांकडे वळले म्हणजे रितिका प्रसाद ह्यांचा 'ट्रॅक्स ऑफ चेंज' (२०१५) हा ग्रंथ समोर येतो. भारतीय प्रवाशांपैकी बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाचे होते आणि प्रवासी वाहतुकीच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यांच्याच तिकिटांतून येत असे. तरीही डब्यांत कोंबाकोंबी, शौचकूपांचा अभाव, यात्रेच्या दिवसांत मालडब्यांतून माणसांची वाहतूक, हे सर्व त्यांच्याच वाट्याला आले. गांधीजींनी १९१७ साली तिसऱ्या वर्गाच्या हालांवर पुस्तिका लिहिली, तीत मुंबई ते मद्रास ह्या प्रवासात बावीस जणांसाठी असलेल्या डब्याची काय अवस्था होती, ह्याचे वर्णन आहे. प्रसाद ह्यांनी अशा अनुभवांना तक्रारअर्ज, समित्या आणि नियमावली ह्यांच्या संदर्भात ठेवून त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. येथे एक गोष्ट ध्यानात येते. डब्यात बाके किती, दारे किती, खिडक्यांना गज होते की नव्हते, हा हौशी अभ्यासकाचा तपशील ह्या ग्रंथात सामाजिक न्यायाचा पुरावा बनतो.

घड्याळाच्या वेळेविषयीचे त्यांचे विवेचनही असेच उद्बोधक आहे. लोहमार्गांना एक वेळ हवी होती. गावांना आपापली वेळ प्रिय होती. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. परंतु मुंबई शहराने एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली आपली स्थानिक वेळ सोडावयास नकार दिला, आणि नागरी व्यवहारात ती १९५५ पर्यंत टिकून राहिली. १९०६ च्या जानेवारीतच मुंबईत हजारो गिरणीकामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम थांबविले होते. सूर्य तोच आणि पाळीही तीच, पण घड्याळाचा काटा पुढे गेल्यामुळे भल्या पहाटे घर सोडावे लागते, हे त्यांचे दुःख होते. आगगाडीचे वेळापत्रक हे केवळ हौशी संग्राहकाचे कागद नसून ते लोकांच्या झोपेवर व श्रमावर सत्ता चालविणारे साधन होते, हे ह्या प्रकरणावरून कळते.

अर्थशास्त्राच्या क्षेत्रात डेव्ह डोनाल्डसन ह्यांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला प्रबंध येथे उल्लेखिला पाहिजे. तो ग्रंथ नसला, तरी त्याने ह्या विषयातील चर्चेला नवी दिशा दिली. त्यांची युक्ती साधी व सुंदर आहे. मीठ ठराविक ठिकाणीच पिकते आणि प्रत्येक ठिकाणच्या मिठाची नोंद निराळी होत असे. म्हणून उत्पत्तीच्या जागी असलेला भाव आणि दूरच्या बाजारातील भाव ह्यांतील अंतर म्हणजे वाहतुकीचा खर्च, असे धरता येते. रूळ पोहोचल्यावर हे अंतर कमी झाले, आणि ज्या जिल्ह्यात लोहमार्ग आला तेथील शेतीचे खरे उत्पन्न सुमारे १६ टक्क्यांनी वाढले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुराव्याचा हा काटेकोरपणा स्पृहणीय होय. मात्र जिल्ह्याचे उत्पन्न वाढले म्हणजे त्यातील प्रत्येकाचे वाढले असे होत नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात १८८० नंतरच्या दशकात गणेश व्यंकटेश जोशी ह्यांनी लोहमार्गविस्ताराच्या आर्थिक परिणामांची चिकित्सा केली, तेव्हा देशी उद्योगांचे काय होणार, हाच प्रश्न त्यांच्यासमोर होता. डोनाल्डसन ह्यांच्या उत्तराने तो प्रश्न निकालात निघालेला नाही. आज दोघांना एकत्र वाचणारा अभ्यासक हवा आहे.

ग्रंथांकडून चित्रपटांकडे येताना एक योगायोग आठवतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा जो पहिला खेळ झाला, त्यात स्थानकात येणाऱ्या आगगाडीची फीत होती. भारतात चित्रपट अवतरला तो आगगाडीसह. त्यानंतर हिंदी व मराठी चित्रपटांनी आगगाडी पुष्कळ वापरली. परंतु बहुधा ती गाणे, ताटातूट किंवा पाठलाग ह्यांसाठी. आगगाडी हाच विषय असलेले चित्रपट विरळा.

बीबीसीसाठी निर्माण झालेले दोन माहितीपट ह्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. 'बॉम्बे रेल्वे' (२००७) ह्या दोन भागांच्या माहितीपटाचा विषय मुंबईची उपनगरी वाहतूक आणि तिच्या आधाराने जगणारी माणसे हा आहे. 'इंडियन हिल रेल्वेज' (२०१०) ह्या तीन भागांच्या मालेत दार्जिलिंग, निलगिरी व कालका-सिमला हे तीन पर्वतीय मार्ग आहेत. हे तिन्ही मार्ग १९९९ ते २००८ ह्या काळात युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले असल्यामुळे त्यांच्यावर निसर्गशोभेचा एखादा गोड चित्रपट काढणे सोपे होते. निर्मात्यांनी तो मोह बराचसा आवरला. गार्ड, ड्रायव्हर, स्टेशनमास्तर, हमाल ह्यांच्या घरी आणि कामावर कॅमेरा गेला. ग्रंथाला जे साधत नाही ते चित्रपटाला येथे साधते. श्रमाची लय शब्दांत पकडणे कठीण असते. दार्जिलिंगच्या वाफेच्या इंजिनापुढे बसून ओलसर रुळांवर हाताने वाळू टाकणारे कामगार पाहिले, म्हणजे चढण हा शब्द माणसाच्या शरीरात उतरतो. अशा मार्गावर चाक घसरू नये ही भौतिकशास्त्राची गरज आहे, आणि ती भागविणारा हात कोणाचा तरी आहे.

ह्या माहितीपटांचा दोष असा की, त्यांना काळाची खोली नाही. माणसे आज जशी आहेत तशी दिसतात. त्यांच्या नोकऱ्या, बढत्या, संप व संघटना ह्यांचा भूतकाळ दिसत नाही. मे १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप सुमारे तीन आठवडे चालला व तो कठोरपणे मोडण्यात आला. स्टीफन शेरलॉक ह्यांनी २००१ साली त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आहे. अशा स्मृतीशिवाय रेल्वे कामगाराचे चित्र केवळ हसतमुख आणि सोशिक असे उरते. माथेरानच्या मार्गाविषयीही एक खंत नोंदविण्यासारखी आहे. १९०७ साली खुला झालेला हा दोन फुटी रुळांचा मार्ग आदमजी पीरभॉय ह्यांच्या पुढाकाराने झाला, म्हणजे त्यामागे भारतीय भांडवल होते. पर्वतीय मार्गांच्या मालेत त्याला स्थान मिळाले असते, तर कथेला निराळे वळण लागले असते.

'द रेल्वे मेन' (२०२३) ही शिव रवैल दिग्दर्शित चार भागांची मालिका कथात्म आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायू पसरला, तेव्हा स्थानकावरील कर्मचाऱ्यांनी काय केले, हा तिचा विषय. उपस्थानक-अधीक्षक गुलाम दस्तगीर ह्यांनी त्या रात्री फलाटावर उभी असलेली प्रवासी गाडी वेळेपूर्वी सोडण्याचा निर्णय घेतला, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. वेळापत्रक व नियम ह्यांच्या चौकटीत आयुष्य घालविलेल्या माणसाने ती चौकट एका क्षणी मोडावी, ह्यातच खरे नाट्य होते. के. के. मेनन ह्यांनी रंगविलेल्या स्टेशनमास्तरच्या संयत अभिनयात ते जाणवतेही. तार, दूरध्वनी व सिग्नल बंद पडल्यावर स्थानक म्हणजे आंधळे बेट होते, हे मालिकेने चांगले दाखविले आहे. परंतु निर्मात्यांचा ह्या नाट्यावर पुरेसा विश्वास नव्हता असे दिसते. पोलिसाच्या वेषातील दरोडेखोर, धाडसी अधिकाऱ्याची मदतगाडी अशी उपकथानके घालून त्यांनी ते फुगविले. एका सामान्य कर्मचाऱ्याने गाडी मिनिटांच्या हिशेबाने आधी सोडली, ह्या घटनेचे मोल समजण्यासाठी गाडी वेळेवर सुटणे म्हणजे काय, हे प्रेक्षकाला आधी कळावयास हवे होते. यंत्रणेचा तपशील वगळल्यामुळे माणसाचे धैर्यच उणे झाले. प्रस्तुत लेखातील कसोटीचे ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

ह्या सर्व कृतींचा एकत्र विचार केला असता एक निष्कर्ष निघतो. ज्या ठिकाणी यंत्राचा तपशील व माणसाचा इतिहास एकमेकांना भेटले, त्या ठिकाणी कृती समर्थ झाली: कर ह्यांचे बांधकामाचे वर्णन, प्रसाद ह्यांचा डबा व घड्याळ, डोनाल्डसन ह्यांचे मीठ, माहितीपटांतील कामगार. ज्या ठिकाणी त्यांची फारकत झाली, तेथे एका बाजूला किस्से उरले व दुसऱ्या बाजूला भावनांचा उमाळा. हौशी अभ्यासकाची अचूकता हा त्याचा छंद मानला जातो. खरे पाहता तो एक नैतिक गुण आहे. एका इंजिनाचा क्रमांक चुकू नये म्हणून जो दहा कागद तपासतो, त्याने तीच कळकळ मजुरीच्या दराला, मजुराच्या गावाला आणि मृत्यूच्या नोंदीला लावली, तर इतिहासाचे फार मोठे काम होईल.

हे काम मराठीत होणे विशेष अगत्याचे आहे. वर उल्लेखिलेले सर्व ग्रंथ इंग्रजीत आहेत. परंतु देशातील पहिला प्रवासी लोहमार्ग मराठी मुलखात झाला आणि सह्याद्रीतील घाटही येथेच कोरले गेले. ज्या वर्षी बोरघाट खुला झाला, त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगावकर ह्यांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले. आगगाडी नवी असताना एका जाणत्या मराठी माणसाने तिच्याकडे कसे पाहिले, ह्याची साक्ष त्या ग्रंथात आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी वृत्तपत्रे, प्रवासवर्णने व आत्मचरित्रे ह्यांत अशी साक्ष विखुरलेली आहे. ओव्या आणि गाणी ह्यांतही आगगाडीचा उल्लेख येतो. कर ह्यांच्या इंग्रजी साधनांत जो आवाज ऐकू आला नाही, त्याचा शोध येथे घेता येईल.

बार्शी लाइट रेल्वेचे उदाहरण ह्यासाठी घेण्यासारखे आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्यांनी १८९७ साली सुरू केलेला हा अडीच फुटी मार्ग जगभरच्या हौशी अभ्यासकांना ठाऊक आहे. कमी वजनाच्या रुळांवर अधिक माल वाहण्याची त्यांची योजना अभियांत्रिकीच्या इतिहासात नावाजली गेली. हाच मार्ग १९०६ साली पंढरपूरला पोहोचला. पायी वारीच्या परंपरेशेजारी आगगाडीची वारी उभी राहिली, तेव्हा वारकऱ्यांच्या आचारात काय बदलले, पंढरपूरच्या बाजारात काय बदलले, पटकीच्या साथींचा बंदोबस्त कसा झाला, हे प्रश्न इंजिनाच्या प्रश्नांइतकेच त्या मार्गाचे आहेत. इंजिनाचा अभ्यास झाला आहे. वारकऱ्याचा व्हावयाचा आहे.

बोरघाटातील जुने रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ च्या सुमारास नव्या आखणीमुळे निरुपयोगी झाले आणि त्याच काळात कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिने आली. आज घाटातून जाणाऱ्या प्रवाशाला बोगद्यामागून बोगदा येतो व जातो. प्रत्येकाचा क्रमांक भिंतीवर लिहिलेला असतो. तो क्रमांक टिपून घेणारा हौशी प्रवासी खिडकीशी आजही आढळतो. त्याच्या वहीत त्या क्रमांकाशेजारी एक रिकामा रकाना आहे: हा बोगदा कोणी खोदला? भारतीय लोहमार्गाच्या इतिहासाचा पुढचा चांगला ग्रंथ तो रकाना भरण्याच्या प्रयत्नातून निर्माण होईल.